मोठ्या जावयाचा आकडा

परंड्याला सासऱ्यांच्या दारात बजरंग आपल्या जीपच्या टाकीत तुराटीची काडी बुडवून डिझेल मोजत होता, आणि नेमक्या त्याच वेळी त्याचा साडू इंद्रजित आपल्या नव्या पांढऱ्या गाडीत बसून, एक बटण दाबून, तेच काम करत होता.

"मामा, सातशे दहा," इंद्रजितनं काचेतून डोकं बाहेर काढून सासऱ्यांना सांगितलं.

"काय सातशे दहा?"

"आत्ता टाकीत आहे तेवढ्या डिझेलवर गाडी अजून सातशे दहा किलोमीटर जाईल. तीच सांगते, बघा."

सासरे बलभीमराव चष्मा लावून गाडीत वाकले. पडद्यावर हिरवा आकडा होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मान हलवली.

"म्हंजी गाडीला सोताचं प्वाट कळतंय म्हणा की. आन तुमची किती जाईल वो, बजरंगराव?"

बजरंगनं तुराटी वर काढली. चार बोटं ओल होती. चार बोटांचे किलोमीटर किती हे त्याला नक्की सांगता येईना. "जाईल की नळदुर्गापतूर," तो म्हणाला.

"ती काडी जरा आडोशाला नेऊन बुडवा की, जावयबापू," सासूबाई कस्तुराबाई ओट्यावरून हळूच म्हणाल्या. "शेजारची बघायलेत."

बजरंग हा मोठा जावई. नळदुर्गाजवळ त्याची चांगली शेती, दावणीला म्हशी, आणि घरात शब्दाला किंमत. परंड्यातही त्याला किंमत होती, पण ती धाकट्या मेव्हणीचं, म्हणजे अर्पिताचं, लग्न होईपर्यंत. मग इंद्रजित आला. धाराशिवला पाटबंधारे खात्यात नोकरी, बोलणं मऊ, आणि आता ही गाडी. आधी बजरंगला विचारल्याशिवाय बलभीमराव बैलसुद्धा घेत नसत. आता ते हवामानाचा अंदाजही इंद्रजितला विचारत. बजरंगला याचा राग येत नव्हता, असं तो स्वतः सांगत असे. राग येत नव्हताच. जळत होतं.

तशी जीप बजरंगची लाडकी. मागच्या साली उंदरांनी तिच्या इंजिनाचा कॉम्प्युटर वायरींसकट खाऊन टाकला, तेव्हा सोलापूरच्या एका गॅरेजवाल्यानं तिला बाहेरचा, दुसऱ्याच कुणी बनवलेला कॉम्प्युटर बसवून दिला होता. इंजिन पहिल्यापेक्षा बरं चालू लागलं, पण डिझेलचा काटा मेला. टाकीतली वायर जुन्या कॉम्प्युटरला जात होती आणि नव्याची नि तिची ओळखच नव्हती. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, तोंड बाजूला. तेव्हापासून तुराटी बुडवायची, ओल बघायची आणि देवाचं नाव घेऊन निघायचं, असा बजरंगचा कारभार होता.

निघताना बलभीमरावांनी दोन्ही जावयांना समोर बसवलं.

"पुढं धोंड्याचा म्हैना लागायलाय. तीन सालांनी येतोय. दोघं जोडीनं या. आदल्या दिवशी आपण येडशीच्या रामलिंगाला दर्शनाला जाऊन येऊ, दुसऱ्या दिवशी तुमचा मानपान. आमी सगळी इंद्रजितरावांच्या गाडीत बसतो. बजरंगराव, तुमी जेवणाचं, पाण्याचं आन सतरंज्या घेऊन मागनं या. तुमच्या जीपला जागा लई."

धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. आणि या विष्णूला सतरंज्या घेऊन मागून यायला सांगितलं होतं. बजरंगनं मान डोलवली आणि जीप सुरू केली.

बार्शी जाईपर्यंत तो जीप आदळतच चालवत होता. मग त्याची बायको दैवशाला म्हणाली, "आवं, सतरंज्याच नेयच्यात. डोंगर न्हाय नेयचा."

"मोठा जावई कोण हाय?"

"तुमीच की."

"मग सासू-सासरे कुणाच्या गाडीत बसाया पायजेत?"

"ज्या गाडीत एसी हाय त्या गाडीत. उन्हाळा हाय."

"एसीचं न्हाय ते," बजरंग म्हणाला. "त्या आकड्याचं हाय. म्या मामांचं त्वांड बघितलं की."

दुसऱ्याच दिवशी तो नळदुर्गाच्या हायवेवर सुरजच्या दुकानात जाऊन बसला. सुरज बॅटऱ्या विकायचा, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा आणि राहिलेल्या वेळात गाड्यांची वायरिंग करायचा. जे येत नसे ते मोबाइलवर बघून करायचा, आणि बघून केलेलं त्याला आधीपासून येत होतं असं त्याला मनापासून वाटे. त्यानं जीपच्या पुढ्यात बसून कॉम्प्युटरची पेटी उघडली आणि शीळ घातली.

"बजरंगआण्णा, काम एकदम सोपं हाय. टाकीत एक गोळा तरंगायलाय, आपल्या पाण्याच्या टाकीत असतोय तसा. तेल वाढलं की गोळा वर, सरलं की खाली. त्या गोळ्याची वायर आणायची आन ह्या कॉम्प्युटरला ही एक जागा मोकळी हाय, तिथं जोडायची. मदी एक रेझिस्टन्स टाकायचा. झालं. पुढं डॅशबोर्डवर जुना टॅब लावतो, त्याच्यावर आकडा."

"आकडा किलोमीटरमधी पायजे."

"येईल की."

"आन सातशे दहाच्या वर पायजे."

सुरजनं मान वर केली. "आण्णा, टाकीत असंल तेवढाच येईल."

"आधी जोड तर," बजरंग म्हणाला.

वायर जोडणं खरोखर सोपं निघालं. अवघड निघालं ते कॉम्प्युटरला शिकवणं. गोळा कुठं असला की किती डिझेल, हे त्या कॉम्प्युटरला जन्मतः माहीत नव्हतं. टाकी रिकामी करायची, मग एकेक लिटर ओतत जायचं आणि प्रत्येक लिटरला लॅपटॉपवर बटण दाबून त्याला सांगायचं, अशी रीत होती. सुरज त्यासाठी बजरंगच्या शेतावर आला. डिझेलचे कॅन आले. आणि एक लिटरचं खात्रीचं माप सगळ्या वस्तीत एकाच माणसाकडं होतं, ते म्हणजे दैवशालाकडं. ती दूध घालायची.

"माझ्या दुधाच्या मापात डिझेल?" तिनं विचारलं.

"जुनं दे की."

"जुनं देते. पण वतणार म्या. माप धरायला हात लागतोय."

सुरज जीपमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. बजरंगनं नरसाळं धरलं. दैवशालानं पदर खोचला, पहिलं माप काठोकाठ भरलं, टाकीत ओतलं आणि घरातल्या रीतीप्रमाणं म्हणाली, "लाभ." मग दोन. मग तीन, चार, पाच. खळ्यावर धान्य मोजताना तिची आई पहिल्या मापाला एक म्हणत नसे, लाभ म्हणे, आणि ती स्वतः दूध मोजतानाही तेच म्हणे. पाच झाले की ती कपाळाचा घाम पुसे, पुन्हा माप भरे आणि पुन्हा लाभापासून सुरू करी. शिवाय प्रत्येक पाचाला ती मापात थोडं घेऊन वरून सोडायची.

"वैनी, ते काय?"

"वरताळा. कुणाला बी दूध दिलं की वरून थोडं घालायचं असतंय."

"टाकीला कशाला वरताळा?"

"सवय हाय बाबा. हात थांबत न्हाय."

सुरजचं लक्ष पडद्याकडं होतं. आकडा ऐकला की बटण दाबायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. लाभ हा त्याला आशीर्वाद वाटला आणि आशीर्वादाला बटण दाबायची गरज त्याला वाटली नाही. त्यामुळं दर पाच मापांना त्यानं चारदा बटण दाबलं. टाकी तोंडापर्यंत भरली तेव्हा कॉम्प्युटरच्या मते ती जेमतेम छत्तीस लिटरची होती.

टॅब चालू केला. हिरवा आकडा उमटला. तीनशे साठ.

बजरंग त्याच्याकडं बघत राहिला. "सातशे दहा म्हणलो व्हतो."

"दहाचं ॲव्हरेज धरलंय आण्णा. छत्तीस दाही तीनशे साठ." सुरजनं कॅन हलवून बघितले. ते सगळे रिकामे होते. "पण ह्याच्यात पंचेचाळीसच्या वर व्हतं की. कुठंतरी चुकलं. टाकी पुन्हा रिकामी करून पुन्हा शिकवावं लागंल."

"उद्या सकाळी परंड्याला निघायचंय."

"मग ऱ्हाऊ द्या."

"ते दहा कुठं लिवलंय?" बजरंगनं विचारलं.

सुरजनं दाखवलं. बजरंग टॅबजवळ वाकला. दहाच्या जागी काहीही टाकता येतं हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आठवडाभरात पहिल्यांदा समाधान दिसलं.

"बावीस टाक."

"आण्णा, ही जीप हाय. बावीस छोटी कार बी देत न्हाय धड."

"तुला जायचंय का मला?"

सुरजनं बावीस टाकलं. आकडा झाला सातशे ब्याण्णव. बजरंगनं दैवशालाला बोलावून दाखवला. तिनं हात पुसत पुसत बघितला आणि विचारलं, "येवढी जाईल व्हय ही?"

"जाईल का न्हाय ते कोण बघायलंय," बजरंग म्हणाला. "दिसायचं दिसतंय की."

सकाळी नळदुर्ग सोडल्यावर तो आकडा इतक्या वेगानं खाली आला की बार्शीत त्यानं पुन्हा टाकी भरून घेतली. परंड्याच्या दारात जीप उभी राहिली तेव्हा पडद्यावर साडेसातशेच्या वरच होता. इंद्रजितची गाडी आधीच आलेली होती. बजरंगनं मुद्दाम इंजिन बंद केलं नाही.

"मामा, जरा हिकडं या," तो म्हणाला. "ह्ये काय दाखवायलंय बगा बरं. मला चष्मा न्हाय."

बलभीमराव वाकले. त्यांनी आकडा वाचला, इंद्रजितच्या गाडीकडं बघितलं, पुन्हा आकडा वाचला.

"इंद्रजितराव, तुमचा किती?"

"सहाशे ऐंशी," इंद्रजित म्हणाला.

"ह्यांचा सातशे साठ हाय."

एवढं वाक्य ऐकण्यासाठी बजरंग जगत होता, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही. सगळी माणसं जीपभोवती जमली. बलभीमरावांची बहीण सिताबाई आली, कस्तुराबाईंची बहीण दगडाबाई आली. दोघींनी टॅबला हात लावून बघितला. बलभीमरावांनी जागच्या जागी फेरविचार केला.

"मग असं करू. मोठ्या जावयाच्या गाडीत आमी बसतो. इंद्रजितराव, जेवणाचं, पाण्याचं आन सतरंज्या तुमच्याकडं घ्या."

इंद्रजितनं मुकाट्यानं सतरंज्या उचलल्या. बजरंगनं त्याच्या चेहऱ्यावर काही जळाल्याची खूण दिसते का हे बारकाईनं बघितलं. दिसली नाही. तेवढंच एक त्याला खटकलं.

निघाले. जीपमध्ये पुढं बलभीमराव, मागं कस्तुराबाई, सिताबाई, दगडाबाई आणि दैवशाला. पाठोपाठ इंद्रजित आणि अर्पिता, एसीत, सतरंज्यांसह. गरम वारा तोंडावर येत होता, पण जीपमध्ये कुणाची तक्रार नव्हती. सगळ्यांचं लक्ष आकड्याकडं होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बलभीमराव आयुष्यभर विहिरीचं पाणी बघून मोटार चालवणारे शेतकरी. काहीही उतरताना दिसलं की ते किती उतरलं आणि कशानं उतरलं, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आणि पडद्यावरचा आकडा यांची मनात सांगड घातली.

"बजरंगराव," बार्शीच्या अलीकडं ते म्हणाले, "रस्ता एक किलोमीटर सरला की ह्यो आकडा दोन कसा सरायलाय?"

बजरंगनं गिअर उगाच बदलला. "चढ हाय मामा. चढाला खातंय."

"इथं कुठं चढ हाय?"

"डोळ्याला दिसत न्हाय. इंजिनाला कळतोय."

बलभीमरावांनी पुढचा दगड हेरला. पण बार्शी ओलांडून गाडी येडशीकडं लागली आणि खरा चढ सुरू झाला. जीपचं नाक वर झालं, टाकीतलं डिझेल गोळ्याच्या बाजूला सरकलं आणि गोळा वर आला. आकडा भराभर वाढू लागला. सहाशे पाच, सहाशे वीस, सहाशे चाळीस.

"आता तर चढाला वाढायलंय की वो," बलभीमराव म्हणाले.

मागं दगडाबाईंनी हात जोडले. "रामलिंगाची किरपा."

"किरपा न्हाय," बलभीमराव म्हणाले. चढ संपला, आकडा धाडकन खाली आला आणि होता त्यापेक्षाही खाली गेला. "बजरंगराव, आता काय झालं?"

"माणसं जास्त हायेत मामा," बजरंगच्या तोंडातून निघून गेलं. "वजनानं खातंय."

हे बोलायला नको होतं, हे त्याला बोलता बोलताच कळलं. पण बलभीमरावांना ते पटलं. बैलगाडीचं, ट्रॅक्टरचं, सगळ्यांचं तसंच असतं. वजन जास्त झालं तर कमी करायचं. त्यांनी जीप थांबवायला लावली आणि मागून येणाऱ्या इंद्रजितला हात केला.

"दगडाबाई, तुमी त्या गाडीत बसा. जावयाचं तेल जळायलंय."

दगडाबाई गेल्या. थोडं पुढं गेल्यावर बलभीमरावांनी पुन्हा दगड आणि आकडा ताडून बघितला. फरक नव्हता. पुन्हा गाडी थांबली. सिताबाई गेल्या. पुढच्या वळणावर कस्तुराबाई गेल्या. त्या जाताना म्हणाल्या, "आमचं बी मेलं वजन काय कमी न्हाय." दैवशाला हसू दाबत स्वतःहूनच उतरली.

रामलिंगाची कमान दिसायला लागली तेव्हा जीपमध्ये बलभीमराव आणि बजरंग दोघंच होते.

"अजून बी दोनच खायलंय," बलभीमराव म्हणाले.  मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. "मी बी उतरतो, बजरंगराव. तुमच्या गाडीवर भार नको. तुमी एकटं या. आन हां, ते पाण्याचे जार इंद्रजितरावांच्या गाडीत पायातच हायेत, आमाला पाय ठेवाया जागा न्हाय. ते तेवढे तुमी घ्या. सतरंज्या बी घ्या."

अशा तऱ्हेनं बजरंग रामलिंगाला पोचला. एकटा, मागून, सतरंज्या घेऊन.

दर्शन झालं. झाडाखाली जेवणं झाली. एका माकडानं सिताबाईंच्या हातातली चपाती नेली आणि त्यावर बराच वेळ चर्चा झाली. बजरंगला घास गोड लागत नव्हता. इंद्रजित सासऱ्यांना ताक वाढत होता आणि सासरे त्याच्याकडं मायेनं बघत होते. आपण एवढी वायर ओढली, एवढं डिझेल घातलं, आणि मायेचा काटा हलला नाही.

हात धुताना इंद्रजित त्याच्याजवळ आला.

"दादा, एक विचारू? परतीला तुम्ही माझी गाडी घ्याल? सगळी मंडळी त्यातच बसलीत. मोठे जावई तुम्ही. तुम्ही चालवलेली बरी दिसते. मी आणि अर्पिता जीपनं जातो."

बजरंगला क्षणभर आपण ऐकलं ते खरं वाटेना. मग त्याच्या लक्षात आलं की साडूनं हार मानली होती. आकडा अगदीच वाया गेला नव्हता. त्यानं किल्ली घेतली आणि एवढंच म्हणाला, "जीपचा क्लच जरा हळू सोडा."

गाडी सुरेखच होती. आवाज नाही, धक्का नाही, थंडगार. शेजारी सासरे, मागं सगळी दाटीवाटीनं, आणि पुढं पांढरी सडक. बजरंग ताठ बसला. हेच ते सुख, हे त्याला येडशीपर्यंत पक्कं ठाऊक होतं.

येडशीत बलभीमरावांनी पडद्याकडं बघितलं. "साडेपाचशे हाय की अजून. मग असं करा, उजवीकडं घ्या. हितं माझे जुने व्याही हायेत. पाच मिनिटं."

पाच मिनिटांच्या चहाला बराच वेळ लागला. पुढं बार्शीत दगडाबाईंची नणंद होती. तिच्याकडं सरबत झालं आणि तिनं लोणच्याची बरणी दिली, ती झाकण सैल असल्यामुळं सरळ धरायला लागत होती. सिताबाईंना एसी सोसेना. त्यांनी काच खाली करायला सांगितली, कस्तुराबाईंनी वर करायला सांगितली, आणि या वरखालीत सिताबाईंना मळमळलं. बजरंगनं रस्त्याकडेला गाडी थांबवली, पण जरा उशिरा. नव्या गाडीचं पायपुसणं त्यानं एका हापशावर धुतलं.

"तेल किती हाय?" बलभीमरावांनी विचारलं.

"पाचशे, मामा."

"मग भूमच्या रस्त्याला घ्या. तिथं एकाकडं म्हैस बघायचीय. तुमाला म्हशीतलं कळतंय. बरं झालं, तुमी ड्रायव्हर हाय ते."

बजरंगला ड्रायव्हर हा शब्द लागला, पण स्टिअरिंग हातात असल्यामुळं नाकारता येईना. म्हैस बघितली. म्हैस मारकी होती. तिथून एक माणूस लिफ्ट मागून मागं कोंबला गेला, कारण तो सिताबाईंच्या गावचा निघाला. प्रत्येक वेळी बजरंगनं उशीर झाल्याचं सुचवलं आणि प्रत्येक वेळी बलभीमरावांनी पडद्याकडं बोट दाखवलं. टाकीत तेल असताना घरी जाणं, हे त्यांना विहिरीत पाणी असताना मोटार बंद करण्यासारखं वाटत होतं.

दिवेलागणीला गाडी परंड्याच्या दारात आली. बजरंग कमरेला हात लावून उतरला.

दारातल्या लिंबाखाली बाजेवर इंद्रजित होता. अंघोळ केलेला, पांढऱ्या स्वच्छ बनियनवर, उशीला टेकून. शेजारी आंब्याच्या कोयांनी भरलेलं ताट होतं. तो दुपारीच पोचला होता, झोपला होता, उठला होता आणि आढीतले सगळ्यात पिकलेले आंबे खाऊन मोकळा झाला होता.

"या दादा," तो म्हणाला. "जीप मस्त आहे तुमची. वाटेत मी फक्त एकदा थांबलो. उसाचा रस प्यायला."

बजरंगनं त्या ताटाकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्याच जीपचा हेवा वाटला.

तोंड धुऊन तो बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसला. मंडळी आत गेली होती. इंद्रजित जवळ सरकला आणि आवाज खाली करून बोलू लागला.

"तुम्हाला खरं सांगतो, दादा. ही गाडी घेतल्यापासून माझा एकही रविवार माझा नाही. मामा फोन करतात, किती तेल आहे? मी खरं सांगतो. मग कुणाला दवाखाना, कुणाला बारसं, कुणाचं बी-बियाणं. मी तर तुमच्याकडं बघून जळायचो. तुम्ही टाकीत काडी घालून नुसतं 'कळंना' म्हटलं की मामा दुसरीकडं वळायचे. आणि तुम्ही स्वतःहून आकडा लावून घेतला. मला कळेना हा माणूस असं का करतोय."

 बजरंग अंधारात उभ्या असलेल्या दोन गाड्यांकडं बघत बसला. इतके दिवस आपण ज्याच्यावर जळत होतो तो आपल्यावर जळत होता, आणि ही बातमी आपल्याला आकडा लावल्यावर कळावी, याचं त्याला फार वाईट वाटलं.

सकाळी मानपान झाला. पाट मांडले, मोठ्या जावयाला पहिला टिळा लागला, तुपात बुडवलेले धोंडे ताटात पडले. बजरंग सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ करून तयार होता, आणि त्याच्या नखांत कसलीशी काळी ओळ होती, ती फक्त दैवशालानं बघितली. धोतर-उपरणं झालं. बलभीमरावांनी सुपारी तोंडात टाकली.

"काल इंद्रजितरावांची गाडी लई फिरली. आज जीप काढू. माझ्या मामेभावाकडं जायचंय, आन नळदुर्गाच्या वाटंला दोन-तीन गावं बी करायची हायेत. बजरंगराव, किती दाखवायलाय आकडा?"

"बघावं लागंल, मामा."

सगळे जीपपाशी गेले. बजरंगनं किल्ली फिरवली. टॅब लागला. आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. बलभीमरावांनी टॅबवर टिचकी मारली. रेघा तशाच राहिल्या.

"ह्ये काय झालं?"

"वायर गेलेली दिसतीय. उंदरं असतील," बजरंग म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर दुःखी होता. "काडीनं नुसती ओल कळती, किती किलोमीटर जाईल ते कळायला मार्ग न्हाय. मदीच आडरानात बंद पडली, तर बायामाणसं घेऊन काय करावं मामा? मी आपला नळदुर्गाला जाताना धोका घेईन. तुमाला कसं घालू?"

बलभीमरावांना ते पटलं. ते इंद्रजितच्या गाडीकडं वळले.

"मग तीच काढा."

"काढा की," बजरंग म्हणाला. "पण मामा, ज्याची गाडी त्यानं चालवलेली बरी. मला काल ती काच वरखाली करायची जमना."

सिताबाईंनीही मान डोलवली. पोटाच्या बाबतीत त्यांना बजरंगचा भरवसा राहिला नव्हता.

मंडळी पिशव्या आणायला आत गेली. तेवढ्यात इंद्रजित जीपपाशी आला, डॅशबोर्डखाली वाकून बघितलं आणि बजरंगचा हात धरला.

"दादा, कुठली वायर काढली?"

"कुठली म्हंजी?"

"माझ्याही गाडीत असेल ना तशी. एवढं सांगा. आत्ता दोन मिनिटांत होईल."

बजरंगनं साडूकडं बघितलं. इंद्रजितची नजर त्या दोन आडव्या रेघांवर होती. तशी नजर बजरंगच्या ओळखीची होती. इतके दिवस ती त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत होती.

"तुमच्या गाडीला जमायचं न्हाय ते, इंद्रजितराव," तो मऊ आवाजात म्हणाला. "कंपनीची गाडी हाय ती. ह्याला बाहेरचाच कॉम्प्युटर लागतोय."

गाडी भरली. बलभीमराव पुढं बसले, पडदा वाचला आणि बोटानं नळदुर्गाची दिशा दाखवली. गाडी वळून दिसेनाशी झाली तेव्हा बजरंग लिंबाखालच्या बाजेवर आडवा झाला होता. दैवशाला आंब्याचं ताट घेऊन आली आणि त्याच्या उशापाशी बसली.

"बिचाऱ्यानं येवढं इचारलं, तर सांगायचं व्हतं की वो. त्यांच्या गाडीत बी निघतच असंल काहीतरी."

"निघतं की. सुरजला फोन केला तर बसल्या जागी सांगंल."

"मग?"

बजरंगनं आंबा हातात घेतला आणि तो नीट पिळला.

"इतके दिवस म्या त्यांच्या गाडीकडं बघत व्हतो," तो म्हणाला. "थोडे दिवस त्यांना बी आमच्याकडं बगू द्या."